भांड्यातली बरकत

मी तीनशे माणसांचा स्वयंपाक करायचो. चार माणसांचा करायची वेळ आली तेव्हा माझी पार फे फे उडाली.

कारखान्याच्या कँटीनमध्ये मी मुख्य आचारी होतो. कारखान्याला कुलूप लागलं, मग कँटीनलाही लागलं, आणि मी माझी उंच टोपी नि लांब दांड्याची पळी घेऊन घरी आलो. टोपी कुणी परत मागितली नाही, आणि पळीचं मी कुणाला विचारलं नाही. पहिल्याच दिवशी घरच्या डाळीत मीठ टाकलं ते मुठीनं. बायकोनं एक घास घेतला, पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, "अहो, आम्हाला बरणीत घालून ठेवायचंय का?"

तेव्हा आम्ही हसलो. तेव्हा अजून हसायला येत होतं.

बायको लाँड्रीत कामाला आहे. हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या, वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरींची ओझी उचलायची. तिच्या पगारातून आधी खोलीचं भाडं जायचं, मग वीज, मग धाकट्याच्या छातीचं औषध, आणि शेवटी जे काही हाताला लागेल ते माझ्या हातावर पडायचं. "यात काय करायचं ते करा," असं ती म्हणायची नाही. ती काहीच म्हणायची नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. कामासाठी मी किती दारं वाजवली ते सांगत बसत नाही. हॉटेलवाल्यांना विशीतली पोरं हवी असतात, आणि माझा गुडघा जिना चढताना माझ्याआधी ओरडतो. शेवटी मी मनाशी ठरवलं, कमवता येत नाही तर नाही, निदान आहे त्यात घर पोसून दाखवायचं. इतकी वर्षं मोठमोठ्या भांड्यांपुढे उभा राहिलेला माणूस मी, एका पातेल्यापुढे हात टेकायचे म्हणजे काय!

आणि खोटं कशाला बोलू, मला ते जमत होतं. बाजार उठायच्या वेळेला मी पिशवी घेऊन जायचो. भाजीवाल्या फ्लॉवरचे दांडे आणि पानं बाजूला ढकलून ठेवायच्या, ते मी उचलायचो. लोकांना कळत नाही, दांड्याची वरची जाड साल काढली की आत फ्लॉवरपेक्षा गोड गर असतो. मुळ्याचा पाला, बिटाची पानं, गाजराची टोकं, सगळं बारीक चिरून घ्यायचं. डाळ अख्खी आणायची नाही, चुरा आणायचा. कस तोच, भाव निम्मा. हरभरे नि वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे, म्हणजे गॅस कमी जळतो. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, पण शिजवलेलं पाणी एक थेंब वाया घालवायचं नाही. अंडं एकच असलं तर फेटून उकळत्या भांड्यात बारीक धारेनं सोडायचं, म्हणजे त्याचे धागे होतात आणि सगळ्यांच्या वाडग्यात थोडे थोडे जातात. तांदूळ कमी, भरडलेला गहू जास्त. पोट काय, नुसत्या पाण्यात बुडवलेल्या पावानंही भरतं. मला पोरांच्या अंगाला लागेल असं घालायचं होतं.

रोज एकच भांडं चढायचं आणि सगळं त्यातच पडायचं. त्या पदार्थाला नाव नव्हतं. माझ्या मुलीनं त्याचं नाव 'कालचंच' ठेवलं होतं. शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "बाबा, आज नवीन कालचंच की जुनं कालचंच?"

मुलगी माझी नऊ वर्षांची. तिला सगळे चमची म्हणतात. रांगायची तेव्हापासून हातात चमचा असायचा, आणि पुढे सतत माझ्या मागे मागे असायची म्हणून शेजारचे चिडवायला लागले, आली बघा बापाची चमची. तिला मोठेपणी आचारी व्हायचं होतं. माझी टोपी घातली की ती तिच्या नाकापर्यंत यायची, आणि टोपीच्या आतून हुकूम सुटायचा, "मीठ बघा!" धाकटा चार वर्षांचा, तो भांड्याच्या झाकणावर बडवून साथ करायचा.

कँटीनची शिस्त मी तिला सांगायचो. रिकामा माणूस दुसरं काय सांगणार! मी सांगायचो, आचारी कधी ताटावर बसत नाही. चव बघता बघताच त्याचं जेवण होऊन जातं, आणि राहिलेलं पोट वासानं भरतं. आणि एकदा वाढून झालं की जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. पाठ फिरवायची आणि बाहेर पडायचं. नाहीतर माणसाला वाटतं, हा आपले घास मोजतोय, आणि तो हात आखडता घेतो. आमच्या कँटीनमध्ये कुणी नवखा पोऱ्या जेवणाऱ्यांसमोर टक लावून उभा राहिला तर मी त्याला पळीच्या दांड्यानं टोचायचो.

कँटीनमध्ये ते खरंच होतं. इतक्या भांड्यांची चव बघितली की माणूस आपोआप जेवलेला असतो. घरी एका भांड्याची चव म्हणजे पळीच्या टोकाला लागलेलं चाटणं. पण शिस्त कामाला आली. तिघांना वाढायचं आणि आपण आचारी म्हणून बाजूला राहायचं. बायको विचारायची, "तुम्ही जेवलात?" मी म्हणायचो, "आचाऱ्याला असं विचारतात का कुठे?" ती माझ्याकडे बघत राहायची. पण दिवसभर उभी राहून आलेली बाई भांडणार तरी किती? धाकट्याला भरवता भरवता तिचेच डोळे मिटायला लागायचे.

एके दिवशी चमचीनं बढती मागितली. "मी आता हेल्पर आहे ना? मग मी आई आणि बाळाबरोबर बसून नाही जेवणार. आधी त्यांना वाढणार, मग ओट्यापाशी उभी राहून जेवणार. तुमच्यासारखी." माझी छाती अशी फुगली की काय सांगू. नोकरी गेल्यापासून माझ्यासारखं व्हावंसं वाटणारं जगात कुणीतरी आहे, हे मी विसरूनच गेलो होतो. तेव्हापासून तिचा वाडगा मी माझ्या हातानं भरायचो, तोही तळाच्या पळीनं. भांड्यात वर पातळ असतं आणि दाणे, डाळ सगळं तळाला बसतं. कँटीनमध्ये ज्याच्याशी दोस्ती त्याला तळाची पळी मिळायची, आणि साहेबांच्या पुढे पुढे करणाऱ्याला वरची. माझ्या लेकीला रोज तळाची. वाडगा ओट्यावर ठेवायचा आणि आपण जिन्यात जाऊन उभं राहायचं, हा माझा नेम. परत यायचो तेव्हा तिचा वाडगा धुऊन पालथा घातलेला असायचा. इतकी शिस्तीची पोरगी!

मग एका सकाळी मी झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. भांड्यात चांगलं उरलं होतं. रात्री जिन्यात जायच्या आधी मी शेवटचं दोन घोट पातळ पिऊन झाकण ठेवलं होतं, भांड्यात एवढं काही नसावं असा माझा अंदाज होता. पण माझा अंदाज तो किती खरा! तीनशे माणसांचा हात, चार माणसांचा हिशोब चुकणारच. शिवाय भरडलेला गहू मुरला की फुगतो, हे मला ठाऊक होतं. मी ओरडलोच, "अगं, उरलंय! भांड्याला बरकत आली!" बायको केस बांधता बांधता बघायला आली. मी हसत होतो. इतका हसलो की वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी जमिनीवर काठी आपटली. चमची दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तीही हसायला लागली.

उरलेलं बायकोच्या डब्यात गेलं. तोपर्यंत ती पाव आणि कांदा नेत होती आणि मैत्रिणींना सांगत होती की मला दुपारी फारसं लागतच नाही. संध्याकाळी येऊन म्हणाली, "आज किती दिवसांनी पोटाला गरम लागलं. तिकडच्या बॉयलरवर ठेवला होता डबा." मला स्वर्ग दोन बोटं उरला. मग हे रोजचंच झालं. रोज थोडं उरायचं. डबा भरायचं काम चमचीनं मागून घेतलं, मी झोपलेलाच असायचो आणि ती म्हणायची, "बाबा, आजपण उरलंय!" मी अंथरुणातूनच हसायचो. नोकरी नसलेला, गुडघ्यानं अधू झालेला माणूस मी, पण माझ्या भांड्यात उरत होतं. हे मी शेजारी सांगितलं, भाजीवाल्यांना सांगितलं, आणि शाळेतल्या नर्सबाईंनाही सांगितलं.

नर्सबाई शाळेत मुलांची वजनं घ्यायला यायच्या. थकलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलीचं वजन मागच्यापेक्षा कमी भरलंय. घरी खाणं कसं आहे?"

मला राग आला. आचाऱ्याला विचारतात खाणं कसं आहे! मी म्हणालो, "बाई, आमच्याकडे रोज उरतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

जंताचं औषध दिलं. रक्त तपासलं. काही निघालं नाही. पुढच्या खेपेला वजन आणखी खाली. या वेळी नर्सबाईंनी मला बसायला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "हे बघा, पुढच्या वेळीही कमी भरलं तर डॉक्टर तिला पोषणगृहात पाठवतील. गावाबाहेर आहे. वजन वाढेपर्यंत मुलं तिथंच राहतात. घरच्यांना रविवारी भेटता येतं." मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता घरी उरतं. मग जातं कुठं?"

हा प्रश्न मी घरापर्यंत चघळत आलो. जातं कुठं? मी तिला तळाचं घालतोय, घट्ट घालतोय, मग या पोरीच्या अंगाला का लागत नाही? फ्रॉकच्या गळ्यातून तिची हाडं दिसायला लागली होती. केस विंचरताना फणीत नुसते केस. जिन्यात ती मध्येच बसायची आणि म्हणायची, "मी काही दमले नाहीये, इथून बाहेरचं चांगलं दिसतं." मी तिच्यावर खेकसायचो, "खातेस ना नीट?" ती म्हणायची, "खाते ना." मग मी मोरीत जाऊन नळ सोडायचो आणि तोंडात टॉवेल कोंबून रडायचो. माझी पोरगी माझ्या हातचं खाऊन वाळत चालली होती. याहून मोठी नामुष्की कुठल्या आचाऱ्यावर येईल? आणि नामुष्कीचं सोडा, मला तिला द्यायचं नव्हतं. कुठल्या पोषणगृहात नि कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

मी वेड लागल्यासारखा भांड्यात काय काय घालत सुटलो. शेंगदाण्याचा कूट घातला. स्वतःसाठी दोन घोट ठेवायचो तेही बंद केलं. एके दिवशी अंडीवाल्याच्या टेंपोतून माल उतरवायला उभा राहिलो. गुडघा बोंबलत होता, पण मी एकेक क्रेट उतरवला. त्यानं पैसे दिले नाहीत, तडकलेली अंडी दिली. बाकीची भांड्यात घातली, पण एक मी उकडलं, सोलून दोन फाकी केल्या, चमचीच्या वाडग्यात तळाला ठेवल्या आणि वर डाळ ओतली. तिच्या कानात म्हणालो, "गुपचूप खा. बाळाला दाखवू नकोस, नाहीतर हट्ट करेल." तिनं मान डोलावली. मी जिन्यात गेलो. बरं वाटलं. आज तरी तिच्या पोटात एक अख्खं अंडं गेलं, असं मनाशी म्हणत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको कामावरून आली. स्टुलावर बसली, बूट काढले. पाण्यानं तिच्या हातांना सुरकुत्या पडतात, ते हात चोळत म्हणाली, "अहो, एक बोलू? रागावू नका. अंडं पोरीला घालायचं सोडून मला कशाला घातलंत?"

मी फ्लॉवरचा दांडा सोलत होतो. सुरी होती तिथंच थांबली.

"कुठलं अंडं?"

"डब्यातलं. अख्खं होतं की, दोन फाकी. मला कसं जावं घशाखाली? पण बरोबरच्या बायका बघत होत्या, टाकून कसं देणार. खाल्लं."

हातातला दांडा मी उगाच खालून वरून बघत राहिलो. मग चमचीला हाक मारली. ती जिन्यात धाकट्याशी खेळत होती. आत आली तशी मी विचारलं, "काल तू जेवलीस?"

"हो."

"वाडग्यात काय होतं?"

"डाळ." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आणि अंडं."

"अंडं कुठं गेलं?"

तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी चव बघितली होती, बाबा. आचारी ताटावर बसत नाही ना. चव बघता बघता माझं होतं जेवण. मग मी वाडगा परत भांड्यात ओतते."

"रोज?"

"रोज नाही. खूप भूक लागली तर अर्धा ओतते."

बायको स्टुलावरून उठली. तिला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे इतके दिवस मी माझ्या पोरीच्या तोंडचा घास खात होते? लाँड्रीत बसून, मिटक्या मारत?" ती माझ्याकडे वळली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा आवाज तसा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "वासानं पोट भरतं म्हणे! तुम्ही उपाशी राहून मोठेपणा करत होतात आणि ही बघत होती! पोरं ऐकून नाही शिकत हो, बघून शिकतात. आणि भरल्या वाडग्याकडे पाठ करून जिन्यात जाऊन उभं राहायचं ही कुठली शिस्त? एकदा, एकदा तरी मागे वळून बघायचं होतंत!"

ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी चमचीपुढे बसलो, गुडघा कसाबसा दुमडला आणि तिचे दंड धरले. माझ्या बोटांत दंड मावून वर जागा उरत होती. मी विचारलं, "पण का गं? मी एवढं घट्ट वाढत होतो, मग ओतायचीस का?"

"आईच्या डब्यात नुसता पाव असायचा म्हणून," ती म्हणाली. मग खाली बघत, अपराध्यासारखं, "आणि उरलं की तुम्ही हसायचात."

त्या दिवशी मी पहिल्यांदा चौघांचं वाढलं. आम्ही चौघंही खाली बसलो. मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पळीनं सारखं सारखं वाटलं, आणि तेव्हा मला दिसलं चार माणसांचं म्हणजे किती ते. चारही वाडगे निम्मेच भरले. भांडं मी तिरकं करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, "एवढंच आहे." हे वाक्य मी त्या घरात कधी उच्चारलं नव्हतं. चमचीनं सगळं खाल्लं, वाडगा बोटानं पुसून घेतला. आणि मग ती रडायला लागली. पोटात दुखतंय म्हणाली. दुखत नव्हतं. भूक होती. इतके दिवस दाबून ठेवलेली भूक एकदम वर आली होती आणि भांडं रिकामं होतं. बायकोनं आपल्या वाडग्यातलं तिच्यापुढे केलं, तर तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. कुणीच कुणाचं घेईना. धाकट्यालाही काही तरी समजलं असावं, तो झाकण न बडवता गप्प बसून होता.

वजनाचा दिवस दोन दिवसांवर आला होता. दोन दिवसांत मी काय दिवे लावणार! तरी मी खटपट केली. वजनाच्या दिवशी शाळेत रांगेत पुढे उभी असलेली एक बाई मागे वळून मला हळूच म्हणाली, "पाणी पाजा भरपूर. तेवढंच काट्यावर दिसतं." माझ्याकडे बाटली होती. मी चमचीला म्हणालो, पी. तिनं कारण विचारलं नाही, पीत राहिली. तिच्या गळ्याची शीर हलत होती, डोळ्यांत पाणी आलं तरी ती थांबेना, आणि मी तिथं उभा राहून तिला आणखी पी म्हणत होतो. मग मला माझीच किळस आली. मी बाटली काढून घेतली.

ती काट्यावर चढली. नर्सबाईंनी आकडा बघितला, पुन्हा बघितला. तिला उतरवलं आणि जवळ घेऊन विचारलं, "बाळ, खरं सांग हं. घरी पोटभर मिळतं?"

चमचीनं क्षणभरही वेळ लावला नाही. "हो! आमच्याकडे रोज उरतं," म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली.

तिला वाटलं, आता तिनं मला सांभाळून घेतलं. मी गप्प बसलो असतो तर नर्सबाईंनी आणखी तपासण्या लिहिल्या असत्या, आणखी औषधं दिली असती. तिला घरी ठेवायला आणखी थोडे दिवस मिळालेही असते. आणि खरं सांगितलं तर तिला आजच घेऊन जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या पोरीची हाडं माझ्यासमोर उभी होती आणि ती हसत होती.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "उरत नाही, बाई. उरायचं ते तिचंच होतं. आम्हाला पुरतच नाही."

"बाबा!" चमची किंचाळली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू असं गेलं की मला बघवेना. "मी खाईन आता! सगळं खाईन! बाई, मी खरंच खाणार आहे, मला पाठवू नका!"

नर्सबाईंनी तिला पोटाशी धरलं. मला वाटलं आता मला बोल लावतील. लावायला हवे होते. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "हे पहिल्या वेळीच सांगितलं असतंत तर मी घरपोच शिधा सुरू करून दिला असता हो. डाळ, दूध पावडर, तेल. त्यासाठीच तर विचारत होते. तुम्ही म्हणालात उरतं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता शिधा सुरू करते. धाकट्याला मिळेल, तुम्हालाही थोडा आधार होईल. पण हिला आता घरी ठेवून भागणार नाही. इतकं खाली गेलंय."

एका शब्दानं मिळालं असतं. मी तो शब्द बोललो नाही, कारण माझ्या भांड्यात बरकत होती.

त्याच दुपारी तिला घेऊन मी बसनं पोषणगृहात गेलो. बायकोला सुट्टी मिळाली नाही. तिनं लाँड्रीच्या दाराशी येऊन चमचीला कवटाळलं आणि ओल्या हातांनी तिचा सगळा फ्रॉक भिजवून टाकला. बसमध्ये चमची माझ्याशी बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं झटकला नाही, एवढंच.

तिथं जेवणघरात लांब बाकं होती. एक जाडजूड बाई भल्यामोठ्या भांड्यातून वाढत होती, आणि मी बघितलं, ती पळी तळापर्यंत घालत होती. चमचीपुढे ताट आलं. भात, घट्ट डाळ, भाजी, अंडं, दुधाचा पेला. तिनं ताटाकडे बघितलं, मग पहिल्यांदा माझ्याकडे.

"तुमचं?"

"इथं मोठ्यांना नसतं," मी म्हणालो. "आणि ऐक, मी घरी खाणार आहे. बसून. तुझ्या आईला विचार रविवारी."

ती जागची हलेना. मी तिच्या समोरच्या बाकावर बसलो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. सरळ, टक लावून, जराही नजर न हलवता. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मग ती अशी जेवायला लागली की तिला माझं भान राहिलं नाही. दोन्ही हातांनी, भाताची शितं हनुवटीला चिकटवून घेत, श्वास घ्यायला थांबत आणि पुन्हा सुरू करत. अंडं तिनं आधी खाल्लं. ती इतकी भुकेली होती आणि मी तिचा बाप होतो, आचारी होतो, आणि ती रोज माझ्यापासून दहा पावलांवर ओट्यापाशी उभी असायची. मला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण मी बसून राहिलो, कारण तिचं जेवण व्हायचं होतं.

ताट रिकामं झालं तशी ती ते उचलून वाढणाऱ्या बाईपाशी गेली. चवड्यांवर उभी राहिली आणि त्या मोठ्या भांड्यात डोकावली. मग मागे वळून, सगळं विसरून ओरडली, "बाबा, इकडे बघा! सगळे जेवले तरी केवढं उरलंय!"

आणि ती तशीच माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला बघायचं होतं.

मी हसलो. जमलं तेवढं मोठ्यानं हसलो. तिचं समाधान होईपर्यंत मी तोंड तसंच ठेवलं. मग ती वाढणारी बाई तिचा हात धरून तिला झोपायची जागा दाखवायला आत घेऊन गेली.